आधी समुद्राचं ऐकून घेऊ

'ब्लूप' मी पहिल्यांदा ऐकला तो रात्री, हेडफोन लावून. जेमतेम काही सेकंदांचा आवाज. खोल पिंपाच्या तळाशी एखादा मोठा बुडबुडा सुटावा आणि वर येऊन फुटावा, तसा. अंगावर काटा आला, हे कबूल करते. सोबतची माहितीही तशीच होती: १९९७ साल, प्रशांत महासागर, जवळजवळ ५००० किलोमीटर दूरच्या हायड्रोफोननी, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोननी, टिपलेला आवाज. इतका मोठा आवाज काढणारा प्राणी माणसाला ठाऊक नाही, असं त्याखाली लिहिलं होतं.

मी ऐकला तो आवाज सोळा पट वेगाने वाजवलेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मूळ आवाज एवढ्या खालच्या वारंवारितेचा आहे की वेग वाढवल्याशिवाय आपल्या कानांना त्यातलं फारसं काही लागत नाही. मग मी तीच फाइल सोळा पट संथ करून लावली. बुडबुडा नाहीसा झाला. उरली ती मिनिटभर चालणारी एक घरघर, ऐकू येण्यापेक्षा कानावर दाब जाणवावा अशी. शेजारच्या खोलीत कुणीतरी जड कपाट सरकवावं आणि आपल्याला ते फक्त जमिनीतून समजावं, तसं काहीसं. त्यात प्राणी नव्हता, हाक नव्हती. वस्तू सरकल्याचा, तडकल्याचा भास मात्र होता.

आणि ते तसंच निघालं. हा आवाज टिपणारी संस्था म्हणजे अमेरिकेची नोआ, महासागर आणि हवामान यांचा अभ्यास करणारी सरकारी यंत्रणा. पुढच्या वर्षांत तिच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाच्या जवळ हायड्रोफोन सोडले आणि त्यांना तिथे अशा आवाजांचा सुकाळच आढळला. २००८मध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळ ए-५३ए नावाचा हिमनग फुटत होता, तेव्हा नोंदलेल्या आवाजाचं चित्र, म्हणजे वेळेनुसार वारंवारिता दाखवणारा आलेख, ब्लूपशी मिळतंजुळतं होतं. बर्फाचे प्रचंड थर तडकतात, त्या हिमकंपाचा तो आवाज. गूढ संपलं. पण ज्या वेगाने तो सोळा पट वेगवान बुडबुडा जगभर फिरला, त्याच्या शतांशानेही हे उत्तर फिरलं नाही. आजही 'खोल समुद्राची न उलगडलेली रहस्यं' म्हणून जे काही समोर येतं, त्यात ब्लूप पहिल्या पाचांत असतोच.

लोकांना गूढ आवडतं याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही आवडतं. तक्रार वेगळी आहे. समुद्राचा आवाज 'अनाकलनीय' ठरवून टाकला की तो कुणाच्या जबाबदारीचा राहत नाही. कोण ऐकतंय, ऐकलेलं कुणाच्या कपाटात बंद आहे, आणि आपण स्वतः त्या पाण्यात किती कोलाहल माजवतो आहोत, हे प्रश्न मग कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की समुद्राचं ऐकणं हे सार्वजनिक काम आहे. त्याच्या नोंदी सगळ्यांच्या आहेत आणि त्या खुल्या झाल्या पाहिजेत. ज्या पाण्यात आपण नीट ऐकलेलं नाही, तिथे नवा गोंगाट सुरू करण्याचा अधिकार कुणालाही देऊ नये.

आधी हे आवाज एवढ्या लांब जातात कसे, ते पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. पण हा वेग सगळीकडे सारखा नसतो. वरून खाली जाताना पाणी थंड होत जातं, तसा आवाज मंदावतो. सुमारे एक किलोमीटरच्या खाली तापमान जवळजवळ स्थिर होतं, पण दाब वाढतच राहतो आणि दाबाबरोबर वेग पुन्हा वाढू लागतो. या दोहोंच्या मध्ये एक असा थर तयार होतो, जिथे आवाज सगळ्यात सावकाश जातो. ध्वनिलहरी नेहमी संथ थराकडे वळतात. त्यामुळे एकदा या थरात शिरलेला आवाज वर निघाला की खाली वळतो, खाली गेला की वर वळतो. पृष्ठभागावर आपटून विखुरत नाही, तळावर आदळून जिरत नाही. नदी जशी दोन काठांत वाहते, तसा तो वाहत राहतो. अमेरिकी शास्त्रज्ञ मॉरिस यूइंग आणि त्यांचे सहकारी लामार वोर्झेल यांनी १९४४मध्ये हे प्रयोगाने दाखवलं, आणि पुढे लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांनी सोव्हिएत संघात स्वतंत्रपणे तेच शोधलं. १९६०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ पाण्यात केलेले स्फोट बर्म्युडाजवळ ऐकू आले, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

ध्रुवांकडे पाणी वरपासूनच थंड असतं, म्हणून तिकडे हा संथ थर पृष्ठभागाच्या जवळ येतो. अंटार्क्टिकाचा बर्फ तडकला की त्याचा आवाज थेट या वाटेला लागतो आणि विषुववृत्तापर्यंत पोहोचतो. ब्लूपचं 'अशक्य' अंतर असं होतं. राक्षस नव्हता, रस्ता चांगला होता.

हा रस्ता देवमाशांना आपल्या कितीतरी आधीपासून ठाऊक असावा. पंख देवमासा म्हणजे फिन व्हेल २० हर्ट्‌झच्या आसपास गातो, माणसाच्या कानाच्या अगदी खालच्या कडेवर. शीतयुद्धाच्या सुरुवातीला पाण्याखालच्या यंत्रांवर हे ठोके उमटू लागले, तेव्हा ते इतके नियमित होते की ते जिवंत प्राण्याचे असतील यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. शत्रूचं काहीतरी यंत्र असणार असा संशय होता. ते प्राणी आहेत हे ठरायला काही वर्षं गेली.

दक्षिण महासागरातल्या 'बदका'ची गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते. १९६०च्या दशकात तिथल्या पाणबुड्यांमधल्या लोकांना एक आवाज ऐकू येऊ लागला: बदकाच्या क्वॅक-क्वॅकसारखा, ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा. बायो-डक असं त्याला नाव पडलं. पुढे पन्नास वर्षं तो ऐकू येत राहिला, कुणाचा ते कळत नव्हतं. २०१३च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाजवळ दोन मिंकी देवमाशांच्या पाठीवर चोषणपेल्याने चिकटणारी छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं बसवली. ती यंत्रं परत मिळाली, ऐकली, आणि त्यात तेच बदक होतं. २०१४मध्ये ते प्रसिद्ध झालं. आता यातली खरी मोलाची गोष्ट पुढे आहे. आवाज कुणाचा हे कळल्याबरोबर आधीच्या सगळ्या जुन्या नोंदी एका रात्रीत बोलक्या झाल्या. हिवाळ्यात बर्फाखाली, जिथे कुठलंही जहाज जाऊ शकत नाही, तिथे मिंकी देवमासे कुठे आणि केव्हा असतात, हे त्या जुन्या फितींमधून वाचता येऊ लागलं. ज्यांनी त्या जपून ठेवल्या त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी फक्त पुसल्या नाहीत.

मारियाना गर्तेजवळ २०१४मध्ये एक असाच चमत्कारिक आवाज नोंदला गेला. सुरुवातीला खोल घुमणारा आणि शेवटी धातूची तार छेडल्यासारखा झणकारणारा. बायोट्वँग. तो ब्राइड्स व्हेल या जातीच्या देवमाशाचा आहे हे २०२४मध्ये पक्कं झालं, आणि त्यासाठी माणसांनी जहाजावरून देवमासे पाहत पाहत आवाज ऐकले, तर यंत्रबुद्धीने दोन लाखांहून अधिक तासांच्या नोंदी चाळल्या. दहा वर्षं लागली. या दहा वर्षांत कुणी 'अगम्य' म्हणून हात झटकले असते, तर तो आवाज आजही राक्षसांच्या यादीत असता.

५२ हर्ट्‌झवर गाणाऱ्या देवमाशाबद्दलही हेच. 'जगातला सर्वांत एकटा देवमासा' म्हणून त्याच्यावर अश्रू ढाळले गेले. अमेरिकेतल्या वुड्स होल या सागरविज्ञान संस्थेच्या विल्यम वॉटकिन्स यांच्या गटाने नौदलाच्या हायड्रोफोनवरून तब्बल १२ वर्षं त्याचा माग काढला आणि २००४मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तो वेगळ्या पट्टीत गात होता, एवढं त्यातून कळलं. इतर देवमाशांना त्याचं गाणं ऐकू येत नव्हतं, हे कुठेच सिद्ध झालेलं नाही. एकटेपणा आपण चिकटवला. मला त्या बारा वर्षांच्या चिकाटीत जास्त करुणा दिसते.

या सगळ्या गोष्टींत एक धागा सारखा आहे. ऐकणारे कान बहुतेक वेळा लष्कराचे होते. अमेरिकी नौदलाने १९५०च्या दशकापासून समुद्रतळावर हायड्रोफोनचं जाळं पसरलं, ते सोव्हिएत पाणबुड्यांवर कान ठेवण्यासाठी. सोसस हे त्याचं नाव. दशकानुदशकं त्याच्या अस्तित्वाविषयी बोलायलाही बंदी होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते नागरी शास्त्रज्ञांना अंशतः खुलं झालं आणि लगेच काय घडलं पाहा: १९९३च्या जूनमध्ये प्रशांत महासागराच्या तळाशी, हुआन द फुका कड्यावर ज्वालामुखीचा उद्रेक होत असताना शास्त्रज्ञांनी तो किनाऱ्यावर बसून ऐकला. तोवर खोल समुद्रातला असा उद्रेक घडत असतानाच दुरून कुणी ऐकला नव्हता. उद्रेक तर तिथे आधीही होत असणारच. कान होते, पण ऐकणाऱ्याला ते सांगायची मुभा नव्हती.

त्याच्याही आधीची गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. बर्म्युडाजवळ नौदलासाठी पाण्याखालचे आवाज नोंदवणारे फ्रँक वॉटलिंग्टन नावाचे अभियंता होते. त्यांच्या कामात मध्येच कुबड्या देवमाशांची गाणी उमटत. त्यांनी ती साठवून ठेवली आणि १९६०च्या दशकात देवमाशांचे अभ्यासक रॉजर पेन यांच्या हाती दिली. पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी दाखवलं की हे नुसते हंबरडे नाहीत, यात रचना आहे, कडवी परत येतात. १९७०मध्ये त्या गाण्यांची रेकॉर्ड निघाली आणि लाखो लोकांनी ती घरात बसून ऐकली. व्यापारी देवमासेमारीविरुद्ध जे जनमत उभं राहिलं, त्यात या रेकॉर्डचा वाटा मोठा होता. १९८२मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासेमारी आयोगाने ही व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. एका माणसाने लष्करी कामातला 'निरुपयोगी' आवाज फेकून न देता दुसऱ्याच्या हाती दिला, त्याचा हा परिणाम.

यावर उत्तर ठरलेलं असतं: सुरक्षा. नोंदी खुल्या केल्या तर आपल्या पाणबुड्या कुठे आहेत, आपले कान किती तिखट आहेत, हे शत्रूला कळेल. ही हरकत खोटी नाही आणि मी ती उडवून लावत नाही. पण ती आजच्या, या क्षणीच्या नोंदींना लागू पडते. १९७०च्या फितींतली पाणबुडी केव्हाच भंगारात गेली आहे. तीस-चाळीस वर्षं जुन्या नोंदी, ठरावीक वारंवारितांचे पट्टे, जागेचा तपशील ढोबळ करून दिलेली माहिती, असे कितीतरी मार्ग आहेत.

आणि खुलं ठेवून चालतं, याचा पुरावाही आहे. अणुचाचणीबंदीच्या देखरेखीसाठी जगभर उभारलेल्या यंत्रणेत पाण्याखालचं ऐकणारी ११ केंद्रं आहेत. त्यांची माहिती सदस्य देशांना मिळते आणि संशोधकांनाही करार करून वापरता येते. हिंद महासागरातल्या चागोस द्वीपसमूहाजवळच्या अशाच एका केंद्राच्या जवळजवळ दोन दशकांच्या नोंदी चाळून शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये जाहीर केलं की बुटक्या निळ्या देवमाशांचा एक आख्खा समूह तिथे राहतो, जो आधी कुणाच्या मोजणीत नव्हता. बुटका म्हणायचा, पण लांबी २४ मीटरपर्यंत. एवढा मोठा प्राणी, त्याचा आख्खा कळप, आणि तो सापडला बॉम्ब ऐकण्यासाठी ठेवलेल्या यंत्रात.

१५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची सान हुआन ही पाणबुडी ४४ जणांसह बेपत्ता झाली. याच यंत्रणेच्या अटलांटिकमधल्या असेन्शन आणि हिंद महासागराच्या दक्षिणेकडच्या क्रोझे बेटाजवळच्या केंद्रांनी त्या दिवशी एक असाधारण आवाज टिपला होता. साधारण आठवडाभराने ते जाहीर केलं गेलं. नातेवाइकांसाठी ती बातमी भयंकर होती, पण ती खरी होती, आणि वर्षभराने पाणबुडी त्याच परिसरात ९०७ मीटर खोल सापडली. आता २०२३चा जून आठवा. टायटन ही छोटी पाणबुडी पाच जणांसह टायटॅनिककडे जाताना नाहीशी झाली. समुद्रातून ठराविक अंतराने ठोके ऐकू येताहेत, ही बातमी आली आणि जगाने श्वास रोखून धरला. ते ठोके त्या माणसांचे नव्हते. पाणबुडी पहिल्याच दिवशी दाबाने चिरडली होती आणि तशा स्फोटाशी जुळणारा आवाज अमेरिकी नौदलाने त्याच दिवशी टिपलाही होता. त्यांनी शोधमोहिमेच्या प्रमुखांना लगेच कळवलं, आवाज निर्णायक नव्हता म्हणून शोध सुरू ठेवला, हे योग्यच झालं. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण ते चार दिवस आपण सगळे ज्या ठोक्यांना धरून बसलो होतो, त्याचं एक कारण हेही होतं की समुद्र एरवी कसा वाजतो हे आपल्यापैकी जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पाण्यात जहाजं असतात, प्राणी असतात, जुन्या सांगाड्यांचं लोखंड असतं. ओळखीच्या आवाजांचा पाया नसला की प्रत्येक ठोका हाक वाटतो.

तो पाया घालायला जेवढा उशीर होतो आहे, तेवढा तो घालणं अवघड होत चाललं आहे, कारण पार्श्वभूमी वाढते आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे सान निकोलस बेटाजवळ २००३-०४मध्ये मोजलेला खालच्या पट्टीतला आवाज १९६०च्या दशकात नौदलाच्या यंत्रांनी मोजलेल्या आवाजापेक्षा १० ते १२ डेसिबलने जास्त निघाला. डेसिबलचं गणित फसवं असतं: दहाने वाढ म्हणजे ध्वनीची ताकद दहा पट. ही वाढ मुख्यतः मालवाहू जहाजांची. त्यांचे पंखे पाणी कापताना असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि तो सगळा गडगडाट नेमका त्याच पट्टीत येतो ज्या पट्टीत मोठे देवमासे बोलतात. जुनी मोजणी हाती होती म्हणून तुलना करता आली, हेही इथे नोंदवायला हवं. ज्या समुद्रांत १९६०च्या दशकात कुणी मोजलंच नाही, किंवा मोजून बंद करून ठेवलं, तिथे किती वाढ झाली हे कसं सांगणार?

मारियाना गर्तेतला चॅलेंजर डीप हा पृथ्वीवरचा सर्वांत खोल खड्डा. जवळजवळ ११ किलोमीटर. २०१५मध्ये टायटॅनियमच्या कवचात बसवलेला हायड्रोफोन तिथे उतरवला गेला. दाब अचानक बदलून यंत्र फुटू नये म्हणून सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने सोडायचं नाही, असं ठरलं होतं. त्याने २३ दिवस नोंद केली, तेवढ्यात त्याची साठवण भरली. मग तो मुका होऊन तसाच तळाशी राहिला, कारण वादळांमुळे आणि जहाजांच्या वेळापत्रकामुळे त्याला नोव्हेंबरपर्यंत वर काढता आलं नाही. शास्त्रज्ञांना वाटलं होतं, तिथे भयाण शांतता असेल. ऐकलं तर काय, जवळच्या आणि दूरच्या भूकंपांचा गडगडाट, देवमाशांचे आवाज, डोक्यावरून गेलेल्या चक्रीवादळाचा घोष, आणि या सगळ्यांत जहाजांच्या पंख्यांची स्पष्ट घरघर. अकरा किलोमीटर पाण्याच्या तळाशी! जिथे मोजकी माणसं आजवर गेली, तिथे आपला आवाज रोज जातो.

त्या गोंगाटाने काय होतं याचा एक पुरावा अत्यंत दुःखद योगायोगाने मिळाला. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजवाहतूक एकदम कमी झाली. कॅनडाच्या बे ऑफ फंडीत त्याच वेळी राइट व्हेल या देवमाशांवर काम करणारे शास्त्रज्ञ पाण्यात होते. पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला होता. देवमाशांच्या विष्ठेचे नमुने ते गोळा करतच होते. पुढे तपासल्यावर दिसलं की त्या दिवसांत ताणाच्या संप्रेरकांची पातळीही खाली गेली होती. म्हणजे एरवी ते प्राणी जन्मभर त्या ताणात जगत होते आणि ती आपल्याला त्यांची 'सामान्य' स्थिती वाटत होती. २०००मध्ये बहामा बेटांजवळ अमेरिकी नौदलाने सोनार, म्हणजे आवाज सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुड्या शोधणारी यंत्रणा, वापरल्यानंतर १७ सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागले, बहुतेक चोचवाले देवमासे. सोनार हे त्याचं सर्वांत संभाव्य कारण असल्याचं नौदलाने स्वतः मान्य केलं.

आता या पाण्यात एक नवीन यंत्र उतरू पाहतं आहे. प्रशांत महासागरात हवाई आणि मेक्सिकोच्या मध्ये क्लॅरियन-क्लिपर्टन नावाचा विस्तीर्ण पट्टा आहे. चार ते सहा किलोमीटर खोल तळावर बटाट्याएवढे काळपट गोळे पसरलेले आहेत: मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या गतीने ते वाढतात. तळावर यंत्र फिरवून ते गोळा करायचे, किलोमीटरच्या किलोमीटर उंच नळातून पंपाने वर खेचायचे, जहाजावर धुऊन घ्यायचे, अशी योजना आहे. म्हणजे आवाज तळाशी, आवाज वर, आणि मधला नळ नेमका त्या संथ थरातून जाणार, ज्यातून आवाज हजारो किलोमीटर वाहतो. २०२२मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की शांत हवेत एका खाणीचा आवाज सुमारे ५०० किलोमीटरपर्यंत ऐकू जाईल, आणि खाणीभोवती ४ ते ६ किलोमीटरपर्यंत तो सागरी सस्तन प्राण्यांसाठी धोक्याच्या पातळीच्या वर असेल. हे आकडे अंदाजाचे का? कारण खाणयंत्रांच्या आवाजाची प्रत्यक्ष मोजणी अभ्यासकांना उपलब्ध नव्हती. तेलविहिरी आणि गाळ उपसणारी यंत्रं यांच्या आवाजावरून त्यांना हिशेब मांडावा लागला.

त्याच पट्ट्यात पाच हजारांहून अधिक प्रजाती असल्याचा अंदाज २०२३मध्ये मांडला गेला, त्यातल्या सुमारे नव्वद टक्के विज्ञानाला अजून नाव नसलेल्या. त्यांतल्या कोण आवाज काढतं, कोण ऐकून दिशा ठरवतं, हे कळायच्या आधीच आपण तिथे यंत्रं सोडायला निघालो आहोत. आणि खोल तळाची जखम लवकर भरत नाही. १९७९मध्ये तिथे चाचणीसाठी फिरवलेल्या यंत्राचे माग चार दशकांनंतरही तळावर जसेच्या तसे दिसतात.

धातू लागतात, बॅटऱ्यांसाठी लागतात, आणि जमिनीवरच्या खाणींनीही जंगलं आणि माणसं उद्ध्वस्त केली आहेत, हा युक्तिवाद मी प्रामाणिक मानते. पण निकेल आणि कोबाल्ट अजिबात न लागणाऱ्या बॅटऱ्या आज रस्त्यावरच्या गाड्यांत आहेत. आणि थांबण्याची मागणी एखाद-दुसऱ्या संघटनेची राहिलेली नाही. जवळजवळ ४० देशांनी थांबा किंवा सबुरीने घ्या असं म्हटलं आहे. तरीही २०२५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय नियमांची वाट न पाहता स्वतःच्या कायद्याने परवाने देण्याचा मार्ग मोकळा केला. ते परवाने देणारी यंत्रणा कोणती? नोआ. ब्लूप टिपणारी, चॅलेंजर डीपमध्ये हायड्रोफोन उतरवणारी तीच नोआ. एकाच संस्थेच्या एका हातात कान आहे आणि दुसऱ्या हातात शिक्का. त्यातला कुठला हात आधी उचलायचा, हे ठरवण्याचा हक्क फक्त तिच्या अधिकाऱ्यांना किंवा एका देशाच्या सरकारला नाही. देशांच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा आहे, असं १९८२च्या समुद्रकायद्यात लिहिलेलं आहे. त्याच कायद्यात प्रदूषणाच्या व्याख्येत पदार्थांबरोबर 'ऊर्जा' हा शब्दही आहे. ध्वनी ही ऊर्जाच आहे. म्हणजे समुद्रात गोंगाट सोडणं हे प्रदूषण ठरवायला नवा कायदा लागत नाही, असलेला वाचावा लागतो. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४मध्ये आवाज कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३मध्ये त्या सुधारल्या, पण त्या ऐच्छिक आहेत. ऐच्छिक सूचनेने किती जहाजांचे पंखे बदलतील याची मला शंका आहे. आवाज कमी असलेल्या जहाजाला बंदरशुल्कात सवलत काही बंदरं देऊ शकतात, तर सगळी का नाही, आणि गोंगाट करणाऱ्याला जास्त शुल्क का नाही?

खाणीबद्दल माझी मागणी साधी आहे. जिथे परवाना मागितला जातो, तिथे वेगवेगळ्या खोलीवर हायड्रोफोन आधी उतरवा. तेवीस दिवसांसाठी नाही, बायोट्वँगने घेतली तेवढी वर्षं. खर्च परवाना मागणाऱ्याने करावा, पण नोंद त्याच्या हातात नको. ती त्याच दिवशी सगळ्यांना मिळावी, विद्यापीठात बसलेल्या प्राध्यापकाला आणि घरी बसून ऐकणाऱ्या विद्यार्थ्यालाही. यंत्राच्या आवाजाची मोजणी व्यापारगुपित मानू नये. आणि नौदलांच्या जुन्या फिती, ज्यांतलं गुपित केव्हाच शिळं झालं आहे, त्या कुजून जाण्याआधी बाहेर काढाव्यात.

या शेवटच्या मागणीसाठी माझ्याकडे एक विशिष्ट कारण आहे. दक्षिण प्रशांत महासागरात, ५४ अंश दक्षिण आणि १४० अंश पश्चिम या सुमारास कुठेतरी एक आवाज उमटतो, अपस्वीप. त्याचं चित्र पाहिलं तर तिरक्या रेघांची रांग दिसते, एकामागून एक, काही सेकंदांची प्रत्येक, खालून वर चढत जाणारी. वसंतात आणि शरदात तो वाढतो. तळावरच्या ज्वालामुखीशी त्याचा संबंध असावा, पण ऋतूंप्रमाणे तो का बदलतो याचं पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. १९९१पासून तो हळूहळू क्षीण होत गेला आहे. नोआने १९९१च्या ऑगस्टमध्ये नौदलाच्या जाळ्यावर कान लावला, तेव्हा तो आधीपासूनच वाजत होता. किती वर्षांपासून? पंधरा? चाळीस? एखाद्या ज्वालामुखीच्या जागं होण्याची आणि निवत जाण्याची पूर्ण कहाणी त्या तिरक्या रेघांत असू शकते. तिची सुरुवात ज्या फितींत असेल, त्यांच्यावर अजूनही गोपनीयतेचा शिक्का आहे.